सातदारीच्या सहा खिडक्या

नांदेड, ६ जुलै १९९७

साखरे,

सलाम. जिवंत हायस का? उमरीच्या शाळेत तिसरीपर्यंत एका बाकावर बसलो आपण दोघी. तुझं अक्षर मोत्यासारखं झालं, माझं कोंबडीनं उकिरडा उकरल्यावाणी राहिलं. तरी वाच. काम हाय म्हणून लिहिते, प्रेमाचा उमाळा आला म्हणून न्हाई.

माझ्या लग्नाला आलीस तवा तू म्हणाली होतीस, हे एकच लांबलचक घर हाय का सात? सात हायेत. एकाला एक चिकटून, दोन घरांत मिळून एक भिंत, समोर सात दारं आणि वर सगळ्यांचं मिळून एकच माळवद. म्हणून सातदारी. आमचं घर चौथं. खाली माझा लेक यासेर गाद्या-रजया भरतो, वर आम्ही खोकतो.

आता ऐक. सातदारीला लातूरचं गिऱ्हाईक आलं. रेवणसिद्ध सर म्हणतात त्याला. बारावीच्या लेकरांचे क्लास घेतो. त्याची लेकरं डॉक्टर होतात म्हणे. जी होत न्हाईत त्यांचे फोटो छापत न्हाई. त्याला ही ओळ पाडून चार मजली क्लास बांधायचाय, आणि आम्हा प्रत्येकाला मागच्या बाजूला एकेक फ्लॅट द्यायचाय. फ्लॅटमध्ये संडास घराच्या आत असतो, साखरे! गुडघे धरून, छत्री उघडून, अंगण तुडवत जायचं न्हाई. मी तर फरशीचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

तेवढ्यात जुन्या इमारतींच्या खात्याचा एक साहेब उगवला आणि पहिल्या घरापुढं निळा फलक ठोकून गेला. म्हणे ओळ संरक्षित. कुणापासून? आमच्यापासूनच! चौकटीला खिळा ठोकायची सोय राहिली न्हाई.

मी त्याला हाकलायला काय कमी बोलले? म्हणलं, भिंती इतक्या जाड की आत कपाट मावत न्हाई. त्यानं टेप काढून भिंत मोजली आणि हसला. म्हणलं, लाकूड किनवटच्या जंगलातलं सागवान, त्यात खिळा शिरत न्हाई, वाकतो. त्यानं खांबाला आपल्या पोराला थोपटावं तसं थोपटलं. म्हणलं, चुन्यात गूळ आणि बेलफळ घातलंय मेल्यांनी, उन्हाळ्यात मुंग्या लागतात. तर त्यानं बोट ओलं करून भिंतीला लावलं आणि चाटलं! खुदाची कसम. अशा माणसापुढं आपण काय बोलायचं?

म्हणून तुझी गरज. तू किल्लारीची. भूकंपातून निघालेली बाई हायस, तुझं सरकारला ऐकावंच लागंल. साहेबाला एक पत्र लिही की असली जुनी घरं माणसं खातात, मी डोळ्यानं पाहिलंय, ही ओळ पाडा. जरा घाम फुटंल असं लिही.

दुसरं काम. माझी नात तुबा अकरावीला हाय. हुशार हाय, कारण माझ्यावर गेली न्हाई. पुढल्या उन्हाळ्यात तिला लातूरला क्लासला ठेवायचं. तुझ्या शेषेरावाचं लातूरला घर हाय. एक कोपरा दे म्हणावं पोरीला.

जोहरा

•

किल्लारी, २५ जुलै १९९७

जोहरे,

राम राम. जिवंत हाय. तुझं पत्र वाचायला दोन दिस लागले. कोंबडी बरी.

आधी तुबाचं. शेषेरावाच्या घरात कोपरा उरला न्हाई. लातूरला आता माणसाला खोली मिळत न्हाई, कॉट मिळती. त्यानं बैठकीत कॉटा टाकल्या, माडीवर टाकल्या, जिन्याखाली एक टाकली. परवा गेले तर देवघरात बारावीचा एक पोरगा जीवशास्त्राचं पुस्तक उशाला घेऊन घोरत व्हता आणि आमचे देव फडताळात, लोणच्याच्या बरणीपाशी. मी म्हणलं, शेषेराव, देवानं भाडं थकवलं का रं? तर म्हणतो, आई, परीक्षा झाली की बसवतो परत. सगळी पोरंच हायेत. तिथं तुझ्या नातीला मी ठेवणार न्हाई. पोरींसाठी जागा शोधीत बाप लोक उन्हातान्हात गल्लोगल्ली हिंडून राहिलेत. पोरीची जागा म्हणलं की सगळे मान हलवतात.

आता पत्राचं. लिहीन. पण जे पाहिलं तेच लिहीन, आणि तुझी ओळ पाहून लिहीन. लग्नातलं मला जेवणच आठवतं, भिंती आठवत न्हाईत. तुझ्यावर कुणी जबरदस्ती तर करून राहिलं न्हाई ना? तू आणि घर पाडा म्हणतीस, हे मला पटंना. का त्या क्लासवाल्यानं तुला दमात घेतलं?

माझं म्हणशील तर सरकारनं दिलेलं घर पक्कं हाय. नवं गाव वहीत रेघा आखल्यावाणी हाय. रस्ते इतके रुंद की दोन कारखान्याचे ट्रक जातील शेजारी शेजारी. घर सुटं, चारी बाजूंनी वारा. शेजारणीकडं मीठ मागायचं तर चप्पल घालावी लागती, आणि चप्पल घालून गेलं की बाई विचारती, काय काम काढलंत? जुन्या गावात भिंतीवरनं नुसता हात पुढं केला तर हातावर मीठ यायचं. पण ती भिंत ऱ्हायली न्हाई, आणि त्यावर मी रडत बसणारी न्हाई.

माझी खाट अजून अंगणातच असती. पावसाळ्यात घरात घेते, पण खोलीच्या मधोमध. भिंतीला टेकवून कधीच न्हाई. धाकटी सून म्हणती, आत्याबाई, चालताना पायात येती. म्हणलं, येऊ दे.

साखरा

•

नांदेड, १७ ऑगस्ट १९९७

साखरे,

मला दमात घेणारा अजून जन्मला न्हाई. क्लासवाला तर मला बघून चष्मा काढून पुसतो.

तू पाहून लिहीन म्हणतीस तर ये. पण आधी काय पाहायचं ते सांगून ठेवते, म्हणजे नुसती आ वासून बसणार न्हाईस.

ही ओळ कुणी बांधली ते कुणालाच ठाऊक न्हाई, म्हणून सगळ्यांनाच ठाऊक हाय. पहिल्या घरातला संगप्पा भांडीवाला म्हणतो, त्याच्या पणज्यानं बांधली, तांब्याचे हंडे विकून. सहाव्या घरातली लक्ष्मम्मा म्हणती, हे धान्याचं कोठार व्हतं, तेलंगी गवंड्यांनी नंतर त्याचे सात तुकडे केले. आणि माझी सासू सांगायची, निजामाच्या राज्यात एका ठेकेदाराला सात मुली व्हत्या आणि एकही जावई घरजावई व्हायला तयार नव्हता. मग त्यानं सात घरं एका ओळीत बांधली आणि म्हणाला, जावयांनो, आपापल्या घरात ऱ्हा, मुली माझ्या डोळ्यापुढं ऱ्हातील. साहेबानं तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या. मला सात मुलींची खरी वाटती. कारण प्रत्येक मधल्या भिंतीत खिडकी हाय. सात घरं, सहा खिडक्या. खिडकी म्हणजे उजेडाची न्हाई गं, बुटकं दार. वाकून इकडून तिकडं जायचं. रस्त्यावर पाय न टाकता बाईमाणूस पहिल्यापासून सातव्यापर्यंत जाती. भांडायला, उसनं मागायला, बाळंतपणाला. असली सोय बापाच्या डोक्यात येत न्हाई, मुलींनी हट्ट करून पाडून घेतली असणार.

म्हणून सातदारीचा रिवाज असा की नवी नवरी आपल्या घराच्या दारानं येत न्हाई. ती पहिल्या दारानं येती आणि खिडक्यांतून वाकत वाकत सातही घरं फिरती. प्रत्येक घरात तिच्या तोंडात साखर. मग सगळ्यांना सलाम करून झाला की आपल्या नवऱ्याचं घर. मी आले तवा तिसऱ्या खिडकीला डोकं आपटलं. टेंगूळ घेऊनच नवऱ्याच्या घरात शिरले.

आता रिवाज बंद पडलाय. चौथ्या-पाचव्यातली खिडकी, म्हणजे माझ्या आणि माझ्या दिराच्या मधली, जिलानीमियाँनं बुजवली. भूकंप झाला त्याच्या पुढल्या महिन्यात. विटा, सिमेंट, सगळं. म्हणला, भाभी, भोकानं भिंत कमजोर होती. भित्रा हाय. बायको गेल्यापासून एकटाच असतो, घड्याळं दुरुस्त करतो, आपलं आपण रांधून खातो आणि खोकतो. ओळीचे दोन तुकडे झाले. लक्ष्मम्माला माझ्याकडं यायचं तर आता रस्त्यानं फिरून यावं लागतं, म्हणून ती येत न्हाई. तुटलीच हाय ओळ, तर साहेब काय जपून राहिलाय? हे पण लिही पत्रात.

पोळा झाला की ये. शेषेरावाला एसटीत बसवून दे म्हणावं. साहेब त्या आठवड्यात पुन्हा मोजायला येणार हाय. गुडघ्याचं तेल आण, इथलं नुसतं वास मारतं.

जोहरा

•

किल्लारी, १ ऑक्टोबर १९९७

जोहरे,

सुखरूप पोचले. तुझ्याकडं आठ दिस काढले आणि पत्र न लिहिताच परत आले म्हणून तू फणफणली असशील. निरोप द्यायला दारापर्यंत सुद्धा आली न्हाईस. तुबानं बसमध्ये बसवलं.

काल तीस तारीख व्हती, भूकंपाची. जुन्या गावात सगळ्यांनी फुलं वाहिली. परत आले आणि लिहायला बसले, कारण आता लिहिलं न्हाई तर कधीच न्हाई.

पाहिलं तेच लिहीन म्हणाले व्हते. काय पाहिलं ते सांगते. आमच्या घराची बाहेरची भिंत दगड-मातीची, तिला ना सांधा ना आधार. ती पडली. आतला लाकडी खण, चार खांब आणि वरच्या तुळया, तो वाकडा झाला पण उभा ऱ्हायला. मालक बाहेरच्या भिंतीकडं निजले व्हते, मी खांबाकडं. एवढंच. मी खाली अडकले व्हते. ओरडून आवाज गेला. मग मधली भिंत, शेजारच्या चांगुणाची आणि आमची, ती अर्धी उभी व्हती, तिच्यावर मी तांब्या आपटत ऱ्हायले. चांगुणानं पलीकडून ऐकलं. तिनं माणसं आणली. भिंत सामायिक नसती तर माझं आज श्राद्ध असतं आणि तुझं पत्र परत गेलं असतं.

म्हणून मी साहेबाला तसलं पत्र लिहिणार न्हाई. जुनं घर माणूस खातं हे खरं, आणि जुनी भिंत माणूस काढती हे बी खरं. तुझी ओळ उभी ऱ्हाईल का पडंल हे मला ठाऊक न्हाई, मी इंजिनेर न्हाई. म्हणून साहेबाला म्हणलं, नुसते फलक ठोकू नका बाबा, भिंती तपासायला माणूस आणा. आणतो म्हणाला. भला माणूस हाय. मी पण तुझी भिंत चाटून पाहिली. गोड लागली न्हाई.

आणि ऐक. तू चहा टाकायला आत गेलीस ना, तेवढ्यात त्यानं मला घाईघाईनं सांगितलं: मावशी, समोरचं तोंड, मधल्या भिंती आणि लाकूड तेवढं हलवायचं न्हाई. मागच्या दाराला लागून संडास बांधायचा तर खुशाल बांधा, मी नकाशा काढून देतो. पहिल्या दिसापासून तो हेच सांगायला बघत व्हता. तू त्याला बोलू दिलंस का?

आता जिलानीभाईचं. तू दुपारी झोपलीस तवा रस्त्यानं फिरून त्याच्याकडं गेले. बिनदुधाचा चहा दिला. विचारलं, खिडकी का बुजवली? आधी म्हणाला भूकंप. मी किल्लारीची, माझ्यापुढं भूकंपाची थाप चालत न्हाई. मग हसला. म्हणाला, बायको गेल्यावर भाभी रोज खिडकीतून ताट द्यायची, आणि ताटाबरोबर एकेक वाक्य. भाजी संपव, तुझ्या आळसासारखी उरवू नको. दाढी कर, कब्रस्तानातून आल्यासारखा दिसतोस. म्हणाला, "साखराबहेन, भूकंप एकदाच झाला. भाभी रोज होत होती."

मी हसले न्हाई. बसमध्ये हसले.

एक शेवटचं. त्या खिडक्यांतून मी वाकून फिरले, एकीकडं चार घरं, दुसरीकडं तीन. फिरताना शेषेरावाच्या लातुरातले ते हिंडणारे बाप डोळ्यापुढं येत ऱ्हायले. पोरींना ऱ्हायला जागा पाहिजे; जिथं रस्त्यावर न उतरता इकडून तिकडं जाता येतं आणि प्रत्येक घरात एक म्हातारी कान टवकारून बसलेली असती. तू हुशार हायस, पुढचं तू बघ.

साखरा

•

नांदेड, ४ फेब्रुवारी १९९८

साखरे,

चार महिने लिहिलं न्हाई. दोन महिने राग व्हता, दोन महिने काम. तुझ्याकडं एक भीतीचं पत्र मागितलं आणि तू मौलवीसारखं प्रवचन दिलंस. वर माझ्या पाठीमागं माझ्या दिराचा बिनदुधाचा चहा पिऊन आलीस.

असो. संडास झाला. मागच्या दाराला लागून, निळी फरशी. छत्री लागत न्हाई. साहेबाच्या नकाशाप्रमाणं यासेरनं बांधून घेतला. इंजिनेर पण आला, पोरगेलाच व्हता, त्यानं खांब ठोकून कान लावला. लाकूड ठणठणीत हाय म्हणाला; दुसऱ्या घराच्या बाहेरच्या भिंतीला तेवढे लोखंडी पट्टे मारायला लावले, ते मारून झाले. माळवदाची माती पण उतरवून कमी केली. तुझ्यामुळं ओळ आता जास्त टिकणार, आनंद मान.

मग मी साहेबाला खुर्ची दिली, चहा दिला, आणि पहिल्यांदा आवाज खाली ठेवून विचारलं, साहेब, मधली खिडकी कुणी बुजवली असंल तर ते चालतं का? तो ताडकन उठला. म्हणला, मूळ खिडकी बुजवली? कुठं? मी बोट दाखवलं.

जिलानीमियाँ लाल झाला. म्हणला, "भाभी, ज्या फलकावर दिवसभर थुंकत होतीस, त्याच्याच आड उभी राहून गोळी मारलीस!"

मी म्हणलं, "संरक्षित हाय मियाँ. मी काय करू? सरकारपुढं कुणाचं चालतं?"

गवंड्यानं विटा काढल्या. पलीकडं त्याचा दाढीचा आरसा टांगलेला व्हता. आरसा बाजूला झाला आणि भोकात त्याचं तोंड दिसलं. दाढी वाढलेली. साखरे, जिभेवर किती आलं व्हतं म्हणून सांगू! पण तुझं पत्र आठवलं. ताट पुढं केलं. चपाती, डाळ, आंब्याचं लोणचं. एक शब्द बोलले न्हाई. दुसऱ्या दिवशीही न्हाई. तिसऱ्या दिवशी त्यानंच खिडकीतून डोकं घातलं आणि विचारलं, "भाभी, तबियत बरी हाय ना? हकीम बोलवू का?"

मग मी बोलले. चार वर्षांचं साठलेलं व्हतं. तो जेवत ऱ्हायला.

ईदला शीरखुर्मा पहिल्या घरापासून सातव्यापर्यंत खिडक्यांतून गेला. सातव्यात कुणी ऱ्हात न्हाई, तर लक्ष्मम्मानं मधल्या खिडकीपाशी वाटी ठेवली, रिवाज म्हणून. मांजरानं खाल्ली.

आता मुद्द्याचं. रेवणसिद्ध सरानं दुसरीकडं, मोंढ्याच्या बाजूला, इमारत घेतली. जूनपासून नांदेडातच क्लास. म्हणजे तुबा लातूरला जात न्हाई, इथूनच जाईल. मी सराला म्हणलं, तुमच्याकडं येणाऱ्या पोरी ऱ्हाणार कुठं? तो चष्मा पुसायला लागला. म्हणलं, पाठवा त्यांचे बाप माझ्याकडं.

पहिला बाप हिमायतनगरचा, शेतकरी माणूस, बालाजी नावाचा. त्याची आरती बारावीला जायची. त्याला पहिल्या दारानं आत घेतला आणि सहाही खिडक्यांतून फिरवला. दुसरीला डोकं आपटलं, चौथीला आपटलं. सहावीतून बाहेर आला तर कपाळ चोळत म्हणाला, आजी, इथं चोर शिरला तर बाहेर पडायच्या आधीच मरंल. पोरगी ठेवतो. त्यानंतर उमरीहून आले, देगलूरहून आले. लक्ष्मम्मा म्हणती, स्वयंपाक मी करते. यासेरच्या रजया अशा भरून चालल्यात की कापूस पुरंना.

सातव्या घराचे मालक हैदराबादेत असतात, त्यांनी पुढच्या दाराची चावी पाठवली. आणि पाचवं घर जिलानीमियाँनं आपण होऊन सोडलं. म्हणला, पोरींच्या मधल्या वाटेत पुरुषाचं काय काम? आमच्या बैठकीत आलाय. दाराशी खुर्ची टाकून घड्याळं उघडतो आणि जागा बघायला येणाऱ्या प्रत्येक बापाची उलटतपासणी करतो. खोटं का बोलू, गरम जेवण मिळतं म्हणून आलाय.

तर आता पाचव्या घरात एक बाई पाहिजे. पोरींवर लक्ष ठेवणारी, मोत्यासारख्या अक्षराची, कुणाची चिठ्ठीचपाटी वाचून दाखवणारी. जास्त प्रेम करणारी नको, पोरी बिघडतात. तूच ये. तुझं सरकारी घर सिमेंटचं हाय, कुठं पळून जात न्हाई. सुनेला पायात येणारी खाट पण जाईल.

आणि येताना आमच्या दारानं येऊ नको. पहिल्या दारानं ये. संगप्पाच्या बायकोला सांगितलंय, साखर घेऊन उभी ऱ्हाईल. वाकून ये, डोकं संभाळ. सातदारीत नवी बाई अशीच येती, मग ती सोळाची असो का साठीची.

तुझी वाट बघून राहिले असं समजू नको. जागा रिकामी हाय, म्हणून लिहिलं.

जोहरा

•

किल्लारी, २० फेब्रुवारी १९९८

जोहरे,

शेषेरावाला तुझं पत्र दाखवलं. म्हणला, आई, नांदेडला काय हाय? म्हणलं, तिथं देवाला फडताळात ठेवत न्हाईत.

गुढीपाडवा झाला की येते. अट एकच. पाचव्या घरात माझी खाट मधोमध टाकू नको. बाहेरच्या भिंतीला बी नको. तुझ्या-माझ्या मधल्या भिंतीला टेकवून लाव, खिडकीच्या जवळ.

आणि खिडकी उघडी ठेव. तुझी बडबड ऐकू आली पाहिजे.

साखरा